पासंग

मी वजनमापे निरीक्षक. वीस वर्षं झाली.
सकाळी गुलटेकडीच्या गाळ्यांमधून फिरते,
पितळी वजनांची पेटी शिपायाच्या खांद्यावर,
आणि मी वळणावर दिसले रे दिसले
की कांद्याच्या ढिगामागे कुणीतरी
पारड्याखालचं लोहचुंबक पटकन खिशात घालतं.

मला ते कळतं.
काटा किंचित दचकतो.

हे सांगायचं कारण,
दोन वर्षं माझ्या डोक्यातल्या पारड्याखाली
असंच काहीतरी चिकटलेलं होतं
आणि ते मला सापडलं नाही.

साहेब जिन्यात नमस्कार न घेता गेले :
तीन किलो.
ऋजुता म्हणाली, आई, आमटी मस्त झालीय :
पाच ग्रॅम, तेही बहुतेक दयेचे.
ओळखीची एक बाई मला बघून रस्ता ओलांडून गेली
(पलीकडे पिठाची गिरणी आहे,
हे आज सुचतंय) :
पोतंभर.
ऋजुताला गणितात बावन्न पडले
तेव्हा मी पहाटेपर्यंत हिशेब करत बसले
की तिच्या आयुष्याचं वाटोळं
माझ्या नेमक्या कुठल्या चुकीपासून सुरू झालं.

मग अंथरूणच उचलेना.
बिबवेवाडीत, दुसऱ्या मजल्यावर,
अकरा वाजले तरी पडदा ओढलेला,
शिट्ट्या शेजारच्या कुकरच्या,
चार दिवस केसांना फणी नाही.
नवरा म्हणायचा, "उगाच विचार करतेस."
उगाच? मला तर वाटे,
मी नुसते आकडे वाचतेय,
समोर दिसतील तसे.

डॉक्टर नीलोफर बागवान, टिळक रोडला,
औषधाच्या दुकानावरचा दवाखाना.
आधी रात्रीची अर्धी गोळी.
चौथ्या आठवड्यात झोप आली, पोळी गोड लागली,
मग त्यांनी माझं काम काय ते नीट विचारून घेतलं.
त्यांच्या आजोबांचा मंडईत डाळिंबांचा गाळा होता.
म्हणाल्या, "पासंग बघितलात का?
काहीच ठेवलं नसताना
तुमचा काटा कुठे उभा असतो?"

मी गप्प.

दोनशेपानी वही आणायला सांगितली.
घडलं काय, ते एका रकान्यात.
मनात काय आलं, ते दुसऱ्यात.
तिसऱ्यात पुरावा. "दोन्ही बाजूंचा हं."

हसू आलं मला. कितीतरी दिवसांनी.
पंचनाम्याशिवाय मी कधी
कुणाचं पावकिलोचं वजनसुद्धा जप्त केलं नाही,
आणि स्वतःला थेट शिक्षा,
पंच नाहीत, साक्षीदार नाही, सही नाही.

लिहायला लागले. अक्षर गिचमीड.
"साहेब चिडलेत. माझं आता काही खरं नाही."
पुरावा : नमस्कार घेतला नाही.
उलट पुरावा : कानाला फोन होता.
शिवाय दुपारी त्यांनी माझ्याच डब्यातली
लसणाची चटणी मागून घेतली.

"मी वाईट आई." इथे पेन अडलं.
तिसरा रकाना दोन दिवस कोरा.
मग एका रात्री, वही तिने पाहिलेली नव्हती,
ऋजुता माझ्या पांघरुणात शिरली
आणि पाय माझ्या पोटऱ्यांना लावून झोपून गेली.
उठून लिहिलं :
गार पाय. दहा वाजून वीस मिनिटं.

बरी झाले असं अजून म्हणत नाही.
परवाच तळजाईला चालायला निघाले
आणि दारातच बसून राहिले तासभर.
तेही वहीत आहे.
बूट घातले होते, हेही आहे.

आज मुथाशेठ कुरकुरले,
"बाई, मागल्या वर्षीच तर शिक्का मारलात,
दरवर्षी काय नवीन?"
म्हटलं, "काटा आहे, शेठ. वापरात सरकतो."
पारडं पुसलं, खालून हात फिरवला,
रिकामा काटा शून्यावर येईपर्यंत थांबले.
मग पेटीतलं सगळ्यात चिमुकलं वजन
चिमट्याने उचलून ठेवलं.

पाच ग्रॅम.
पाच दाखवलं.