ट्रायलचे सात दिवस

आज पाचवा.
शहापुरात, मागांची खटखट
आता दोनच घरांतून येते त्या बोळात,
तिसऱ्या मजल्यावर मी
एकच लग्न तीनदा लावून बसलेय.

खानापूरची मुलगी, बैलहोंगलचा मुलगा.
अकरा सेकंदांचा तुकडा: अक्षता उडतायत,
मुलीचा बाप मूठ तशीच धरून उभा,
टाकायची विसरलाय.
तोच तुकडा तिन्हींत घालून बघते.

प्रीमियर सफाईदार, पण भाड्याचं घर.
महिना चुकला की दाराला कुलूप,
आणि आमची गिऱ्हाइकं
लग्नाचे पैसे देतात बारशाला.

रिझॉल्व्ह फुकट. रंग असा काढतं
की हळद अजून ओली वाटते.
पण कार्ड मागतं, रॅम मागतं,
बैठकीत यादी वाचणाऱ्या मामासारखं
चष्मा सारून पुढचं पान उलटतं.

फायनल कटचं झाकीर नदाफनं विचारून आणलं:
"मॅडम, आधी मॅक घ्यायला पाहिजे करून सांगायलेत."
विषय तिथंच संपला. चहा आला.

आणि हे जुनं एडियस.
मागे डोंगलचा हिरवा दिवा.
भरमाअण्णा ते किल्ल्यांच्या जुडग्यात घालून फिरायचे,
पाकीट हरवू दे, हे नको, म्हणायचे.

टायटलची तऱ्हा वेगळीच.
एकात मराठीचा रफार
शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो.
एकात कन्नडचं ओत्तक्षर
खाली लोंबायचं सोडून बाजूला उभं राहतं,
एसटीत जागा न मिळाल्यासारखं.
आणि जिथं दोन्ही नीट उमटतात
तिथं मुलाचे काका फोन करतात, वर कुठली भाषा?
मुलीचा भाऊ विचारतो, आमची खाली का?
थर एक, थर दोन.
मी दोन्ही नावं एका ओळीत घेतली.
आता डाव्या-उजव्यावरून येईल फोन.

काल सगळं ठरलंच होतं.
जुनी कामं नव्यात हलवू म्हणून
चिकोडीचं एक लग्न उघडलं, दोन हजार तेराचं.
हार्डडिस्क जिवंत निघाली.
जागा वाचावी म्हणून
लागलेलं तेवढंच पलीकडे नेलं.
सगळे कट जिथल्या तिथं.
उगीच, जुळतंय का बघायला,
जुन्यात पहिल्या कटाची कड धरून मागे ओढली,
चार सेकंद, सहा,
आणि अण्णा आले.
पांढरा शर्ट, खिशाला शाईचा डाग.
"हं, घे," म्हणाले, हात वर करून
एक टाळी वाजवली
आणि बाजूला झाले.
मागं नवरानवरी, घामेजलेली.

दोन कॅमेरे, एक माइक,
त्या टाळीवर सगळं जुळायचं.
मी पहिल्यांदा शिकले ते हेच: टाळी शोध, मग काप.
तीनशेवर लग्नांत ती आहे
आणि एकाही गिऱ्हाइकानं पाहिलेली नाही.

नवं सॉफ्टवेअर आवाज आपणच जुळवतं. बटण एक.
चांगलं आहे ते. माझी बोटं दुखतात हल्ली.

झाकीरला सांगितलं, रिझॉल्व्ह घेऊ,
कडोलकरांचे पैसे आले की कार्ड.
त्यांचं बारसं मार्चमध्ये आहे.
जुना संगणक कोपऱ्यात राहू दे,
नेट जोडू नकोस, डोंगल काढू नकोस.
"कशाला मॅडम? उगीच करंट खातंय की."
मी हेडफोन घातला.

खानापूरचा बाप अजून मूठ मिटून उभा होता.
अकरावर कापलं होतं मी.
कड धरून थोडं पुढे ओढलं.