एकास पन्नास

त्या हिवाळ्यात कुओपिओच्या नकाशा-कचेरीत
शाईची बाटली सकाळी शेगडीजवळ ठेवावी लागे.
शाई जागी व्हायची, मग आम्ही तिघी :
आउने, मी आणि लंगडं स्टूल वाट्याला आलेली सिर्का.

टी-स्क्वेअर टेबलाच्या डाव्या कडेला दाबून धरायचा,
त्याला गुण्या टेकवायचा, गुण्याला पेन,
आणि रेघ संपेपर्यंत श्वास सोडायचा नाही.
‘थांबलीस की डाग पडतो,’ साहेब म्हणत.
ते फक्त शाईबद्दल बोलत.

घर एकच होतं. नमुना क्रमांक सात.
मधोमध धुराडं आणि त्याला पाठ लावून चार खोल्या,
थंडीत जाळाभोवती बसावीत तशी चार माणसं.
सरहद्द सरकली, गावं पलीकडे राहिली,
माणसं इकडे आली. त्यांच्यासाठी हेच घर
तीनशे वेळा उतरवलं मी ट्रेसिंग कागदावर.
झोपेतही जिना उजवीकडेच वळायचा.

मार्चमध्ये एईलिस पेसोनेन आला,
टोपी हातात, बुटांखाली बर्फाचं तळं.
कागद त्याने तीनदा फिरवला.
‘हे बघायचं कुठून?’
वरून, मी म्हटलं. छप्पर काढून.
‘छप्पर उडालेली घरं पाहिलीत मी,’ तो म्हणाला,
‘त्यात टेबलं अशी जागच्या जागी नसतात.’

मी घाईघाईने समजावू लागले :
छप्पर नाही हो, जमिनीपासून मीटरभर उंचीवर
एक सुरी आडवी फिरवायची, वरचं उचलून ठेवायचं.
कापलं गेलं त्याची रेघ जाड,
खाली राहिलं त्याची बारीक,
वर गेलं ते तुटक तुटक.

त्याने कमरेपाशी हात धरला. ‘मीटर म्हणजे इथं?’
इथंच.
‘लेम्पी बसली की एवढीच होते.
वाटेत पाय गारठून गेले तिचे. आता बुटकी खुर्ची.
तुमची सुरी बरोबर तिच्या डोळ्यांवरून जाते.’
मग : ‘स्वयंपाकघराची खिडकी कुठून सुरू होते?’

नकाशाला ते माहीत नसतं.
नकाशात खिडकी म्हणजे भिंतीतल्या तीन समांतर रेघा,
उंची विचारायची ती छेदाला.
मी छेदाचा कागद उलगडला. पंच्याण्णव सेंटिमीटर.
‘म्हणजे आभाळ,’ तो म्हणाला.
‘आभाळ तिने पुष्कळ पाहिलंय. गाडीत आडवी पडून.’

नमुना बदलायचा नाही, असा नियम होता.
लाकूड मापाने कापूनच येई.

संध्याकाळी दाढीचं पातं घेऊन मी एक रेघ खरवडली.
खरवडल्या जागी शाई फुटते,
म्हणून तो कागद नखाने घोटायचा, काचेसारखा होईतो.
मग तीस सेंटिमीटर खाली नवी रेघ.
एकास पन्नासात ते सहा मिलिमीटर,
करंगळीच्या नखाहून कमी.
दर्शनी बाजूवरही तेवढंच,
नाहीतर दोन कागद एकमेकांना खोटं पाडतात.

साहेबांनी कागद दिव्यासमोर धरला.
खरवडलेली जागा जरा जास्तच उजळली.
साहेब बघत राहिले. मी बोटावरची शाई चाटली.
‘उत्तरेचा बाण राहिलाय,’ म्हणाले आणि सही केली.
बाण तर होता.
‘हो, राहिलाच,’ मी म्हटलं.

ते घर मी कधी पाहिलं नाही.
सुताराने माझा कागद वाचला,
की त्यात राईची भाकरी बांधून नेली, देव जाणे.
लेम्पीला कोणी विचारलं तर ती काय सांगेल?
एक खिडकी आहे. बाहेर कुंपण, कुणाचा तरी कुत्रा.

माझा कंपास भाच्याने नेला, गुण्याचा कोपरा तुटला.
हे नख मात्र अजून कामावर आहे :
काल दवाखान्यात फॉर्म भरताना
एक खडबडीत जागा लागली कागदाला
आणि बाई नाव विचारत उभी असताना
मी ती घोटत बसले.