ओलीस

बघा, हातात घेऊन बघा,
पण ते नख लावू नका, सेन्योर.
निळ्याखाली तपकिरी आहे, मला ठाऊक आहे.
त्याखाली अजून एक तपकिरी,
ती पहिली, तिबुर्सिओच्या हातची.
खेचरावरून यायचा म्हणे उतुआदोच्या या डोंगरात,
आणि एका देवामागे एक पोतं कॉफी घ्यायचा.
निळा माझ्या काकानं फासला,
वादळानंतर खिडक्या रंगवून उरलेला.
देवानं तक्रार केली नाही.

वीतभर उंची.
पाठीशी नाक नेलंत तर
लाकडाचा वास अजून येतो.

तुम्ही म्हणता, अपुरा आहे.
डाव्या हाताच्या बेचक्यात खुंटीचं भोक दिसतंय,
तिथं बाळ येशू हवा होता,
असता तर दुप्पट मोजले असते.

बाळ होतं.
अंगठ्याएवढं, एका मुठीत मावेलसं.
माझ्या आजोबांच्या बहिणीनं पळवलं, एर्मिनियानं.
इकडची रीतच आहे ती :
लग्न अडलं की अंतोनिओच्या हातातलं पोर काढायचं,
तांदळाच्या डब्यात लपवायचं, आणि दरडावायचं,
माझा मला आणून दे, मग तुझा तुला देते.
संत असला तरी बापच. घाबरतो.
बाकीच्या पोरींची महिन्या-दोन महिन्यांत जमली.

हिचा लादिस्लाओ हवाईला गेला होता,
ऊस तोडायला, बोटीनं.
एक पत्र आलं.
त्यात तिथल्या पावसाचं होतं, आणि दाढदुखीचं.

एकोणीस वर्षांची होती तेव्हा. नव्वदीत गेली.
मधल्या प्रत्येक मंगळवारी
हिनं त्याच्यापुढे मेणबत्ती लावली,
ज्योत नीट धरेपर्यंत उभी राहिली
आणि पाठ फिरवली.
दिवा चुकला नाही, अबोला सुटला नाही.
आम्ही पोरं हसायचो,
म्हातारीचं देवाशी भांडण आहे म्हणायचो.
पाद्री समजूत घालायला आला, त्याला तिनं कॉफी पाजली.

तिला आंघोळ घालताना
आईला परकराच्या नेफ्यात गाठ लागली.
उसवली.
नाक नव्हतं त्याला, डोळे नव्हते,
बदामाच्या बीसारखं झालेलं,
नुसतं गुळगुळीत.

आई ते घेऊन अंतोनिओपाशी गेली.
भोक निळ्या रंगानं बुजलेलं.
सुई आणली, कोरायला लागली,
निळा कपचा कपच्यांनी पडत होता तिच्या काळ्या झग्यावर,
आणि मधेच थांबली.
मी दारात होते, सात वर्षांची,
मला वाटलं सुई बोचली.

मग ती उठली
आणि ज्या मुठीत ते इतकी वर्षं होतं
त्याच मुठीत परत ठेवून
बोटं एकेक करून मिटली.
रोझरीला आलेल्या बायकांना काही सांगितलं नाही.

तेव्हा लिहा तुमच्या वहीत, अपुरा.
किंमत पाडा हवी तर,
पण बारा पत्र्यांच्या खाली नाही.
छपरावर ताडपत्री आहे, दिसतेच आहे तुम्हाला.
आणि निळा खरवडायचाच असेल
तर तुमच्या घरी जाऊन खरवडा,
विकल्यावर माझं काय.

फक्त खोक्यात घालताना
त्या बेचक्यात कापूस कोंबू नका.
बाकी सगळीकडे भरा, मानेभोवती, पायांशी,
तेवढी जागा सोडा.
हात त्यानं अजून खाली केलेला नाही.