पिवळी टाचणी

पुण्यात, कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर,
मेहेंदळे सरांनी जिल्ह्याच्या नकाशात टाचण्या टोचल्या.
लाल म्हणजे शाळा, हिरवी म्हणजे ग्रामपंचायत,
पिवळी म्हणजे बघू.
वेल्ह्याच्या अंगाला नुसत्या पिवळ्या.
थांबा वीस मिनिटांचा, म्हणाले, वाचक किमान पंधरा,
आणि गाडी वळायला जागा हवी.
बाकीचं तुम्ही ठरवा.

गाडी वळायची जागा शिळीमकर ठरवतात.
उतरतात, पावलांनी मोजतात,
मागचं चाक जिथवर येईल तिथं स्वतःची चप्पल ठेवतात,
आणि भरली गाडी रिकामीपेक्षा कशी वेगळी झुलते
हे मला समजावतात,
जणू ती मी भरलेलीच नाही.

हिरडेवाडी दोन आहेत. वरची, खालची.
वरचीचे सरपंच म्हणाले, पंचायतीसमोर लावा,
पेव्हर ब्लॉक कालच बसवलेत.
खालचीचे म्हणाले, मग आमची माणसं येणार नाहीत.
कुणीतरी तोडगा काढला: मधे, ओढ्याच्या पुलावर.
पुलावर दोन्ही वाड्यांचं कुणीच नसतं,
एवढीच त्या जागेची निःपक्षपाती बाजू.

पहिल्या मंगळवारी पंचायतीसमोर अकरा पुरुष आले.
एकाने विचारलं, पोलीस भरतीचं आहे का?
एकाने गाडीचा ॲव्हरेज विचारला.
अकरा म्हणजे पंधरा नव्हेत,
मी वहीत लिहीत होते,
तेवढ्यात एक बाई कमरेवर डबा घेऊन गेली.
थांबली नाही.
फक्त मान कलती केली, पुस्तकांचे कणे वाचायला करावी लागते तशी,
पहिल्या फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि वळणाआड गेली.

मी शिळीमकरांना म्हटलं, चला जरा.
चालत.

गिरणी.
पत्र्याखाली सात बायका, डब्यांची रांग,
आधी गहू, मग ज्वारी, नाचणी शेवटी,
कारण नाचणीनंतर गहू दळला तर पोळी काळी पडते.
नाचणीवालीला पाऊण तास बसावंच लागतं.
पाऊण तास!
आणि घरून कुणी विचारत नाही, कुठं होतीस.

यमुनाताई खुटवड पट्ट्याच्या आवाजावर ओरडून बोलतात.
इथं लावा की. पण लाईट मला विचारून.
या आठवड्यात थ्री फेज दिवसा,
पुढच्या आठवड्यात रात्री साडेदहाला येते.
रात्री कोण दळतं? मी विचारलं.
सातही जणी माझ्याकडे बघत राहिल्या.

मग मी सरांना पत्र लिहिलं:
सदर थांब्याची वेळ महावितरणच्या वेळापत्रकाप्रमाणे राहील.
लाल शाईचं प्रश्नचिन्ह होऊन ते परत आलं.
पुन्हा पाठवलं.
शिळीमकरांनी खाली स्वतःहून सही केली,
रात्रीच्या फेरीस हरकत नाही, चहा मिळावा.
गाडी वळते का, तर वळते,
गिरणीमागच्या खळ्यात, एका दमात नाही, तीन दमांत.

आता परत आलेल्या पुस्तकांत पीठ असतं.
घडीत, शिवणीत, कार्डाच्या खिशात.
पांढरं असेल तर कळत नाही,
नाचणीचं असेल तर बोट विटकरी होतं,
आणि पुस्तक कितव्या पानापर्यंत वाचलं
हे मला कुणाला विचारावं लागत नाही.
खालच्या वाडीत गिरणी नाही.
ती माणसं अजून रागावलेली आहेत,
पण त्यांच्या बायका दळण घेऊन येतात,
पूर्वीही यायच्याच.

एखादीची शेवटची चार पानं उरलेली असतात
तेव्हा यमुनाताई तिची पाटी सावकाश ओततात.
मी हे अहवालात लिहिलेलं नाही.

नकाशावर मात्र अडचण झाली.
लाल नाही, हिरवी नाही, पिवळी आता चालणार नाही.
मी पदराची पिन काढून तिथं टोचली.
सर म्हणाले, हे काय?
म्हटलं, गिरणी.
त्यांनी चष्मा वर केला, खाली केला,
आणि विचारलं, आणखी किती पिना लागतील?