शुक्रवारची बोट

दोनशे अकरा नंबरच्या खोलीत
टॉवेलचे हंस वळता वळता
मी मनातल्या मनात बेरीज करते.
बोटीचे जाऊन-येऊन इतके,
सेंट जॉर्जच्या धक्क्यापर्यंत बसचे इतके,
ड्रायव्हर आल्फियसने ओळख दाखवली तर तेही वाचतील.
एक हंस झाला. मान जरा लुळी पडली आहे.

बावीस वर्षं मी सुट्टीच्या गावात राहते
आणि सुट्टीवर कधी गेले नाही.
लोक नऊ नऊ तास उडून येतात
माझ्या घराशेजारच्या वाळूत पालथं पडायला.
मला कॅरियाकूला जायला
दोनच तास लागतील, समुद्रातून.
तेवढ्याशा पाण्याला बावीस वर्षं लागली.

भिशीचा माझा नंबर जूनमध्ये लागला.
आम्ही नऊ जणी. कॉर्डेलियाने तिच्या पैशांत दात बसवले,
जोसेटने मुलाची फी भरली,
आणि मी म्हटलं, फिरायला जाणार,
तर लाँड्रीत अशी शांतता पसरली
जणू मी नवरा बदलणार म्हटलं.
"तिकडे कुणी वारलंय का गं?" जोसेटने विचारलं.
आमच्यात बोटीत बसतात ते मयताला, लग्नाला,
नाहीतर बटाट्याची पोती पोचवायला.

लाँड्रीच्या चिठ्ठीमागे यादी केली आहे.
राहायला: मिस युफिमियाकडे.
फोनवर तिने आधी माझी आजी कोण ते विचारलं,
मग दर सांगितला.
मग म्हणाली, मागची खोली घेतलीस तर निम्म्यात,
वादळाने तिचं छप्पर नेलं तेव्हापासून
निळ्या ताडपत्रीवर भागतंय,
पाऊस आलाच तर पलंग डावीकडे ओढायचा.
मी म्हटलं, पलंग ओढण्यात
माझा हात कुणी धरणार नाही.

खाणं: पहिल्या दिवशी घरचे बेक्स आणि खारा मासा.
दुसऱ्या दिवशी विकत, एकदाच,
पण टेबलाशी बसून,
आणि पाणी दुसऱ्या कुणीतरी आणून द्यायचं.
तिसऱ्या दिवशी पुन्हा बेक्स. शिळे. भाजून घेऊ.
समोरच्या वाळूच्या बेटावर जायचं तर
होडीवाला एकटीकडून चौघांचे पैसे मागतो.
तिघं शोधायचे, किंवा काठावरून बघायचं.
बघण्याचे कुणी घेत नाही,
अजून तरी.

ह्याच खोलीतल्या बाई काल म्हणाल्या,
"इथे सगळं किती महाग झालंय!"
पाण्याच्या एका बाटलीला त्यांनी दिले
ते माझे चार दिवसांचे बसचे पैसे.
मी हो म्हटलं. खरंच आहे ते.
दोघींची तक्रार एकच, आकडे तेवढे वेगळे.

छत्री घरची. टोपी कीझायाची.
पोहण्याचा पोशाख:
पाहुण्यांच्या विसरलेल्या वस्तूंच्या पेटीत
वर्षभर एक जांभळा पडून आहे,
मालकीण काही परत आली नाही.
पोटाशी घट्ट होतो, पण त्या रकान्यात शून्य.

मग लिहिलं: खोली आवरणारीला, पाच डॉलर.
उशीखाली ठेवायचे, नीट दिसतील असे,
कसे ठेवले की सापडतात ते मला पक्कं माहीत आहे.
आणि मग आठवलं, तिथे आवरणारी कुणी नाहीच.
युफिमिया सत्तरीची, गुडघे गेलेले.
खोडलं. पाचाचे दहा केले,
पुढे लिहिलं: जायफळाचा जॅम, तिच्यासाठी.

यादीत शेवटचं:
चादर विस्कटलेली तशीच सोडणे, तिन्ही सकाळी.
खर्च काही नाही.
जमेल का, माहीत नाही.

शुक्रवारी पाळी चारला सुटते, बोट साडेपाचला.
आल्फियसची बस पुढच्या फाट्यावर प्रवासी भरत
वीस मिनिटं खाते, ती धरलेलीच नाहीत.
दारावर टकटक.
दुसरा हंस अजून नुसता टॉवेलच आहे.