वायसर

रोज सकाळी सारवलेल्या अंगणात
रुपयाएवढा एक काळा ठिपका.
मी मीटर रीडिंग घेणारा माणूस,
चौदा गावं, दिवसाला ऐंशी किलोमीटर,
सगळं आकड्यांतच सुचतं:
रात्रीचा एक थेंब, महिन्याचे तीस,
म्हणजे पोळ्यापर्यंत इंजिन कोरडं.

मग नट आवळला.
दुसऱ्या दिवशी ठिपका.
पान्याला पाइपचा तुकडा जोडला,
त्यावर पाय देऊन आवळला.
ठिपका तिथंच.
कनेक्शन कापलेल्या घरात
आकडा टाकून पेटलेल्या बल्बसारखा
निर्लज्ज.

धामणी फाट्याचे उईके मिस्त्री
डोळ्याच्या ऑपरेशनला सेवाग्रामला.
एका डोळ्यावर पट्टी,
दुसऱ्या कानाला फोन:
"आवळून रायला काय? अबे, आटे खाशीन चेंबरचे.
ऑइलले साडेतीनशे देतं,
अन् वायसरले पाच रुपये देताना
हात आखडते तुहा.
नट बी अकडू, चेंबर बी अकडू,
मधात कोणी नरम लागते का नाही?"

दिग्रसच्या दुकानदारानं
कागदात गुंडाळून दिलं,
आणि दोनदा सांगितलं, आत आहे हं.
इतकं हलकं.

रविवारी गाडी शाळेपर्यंत फिरवून गरम केली.
खाली कापलेली कॅन, हातात सतरा नंबरचा पाना.
शेवटचा आटा सुटला आणि नट
बोटं भाजून काळ्या धारेत पडला.
सोनबा वाघाडे डबा घेऊन आधीच उकिडवे बसलेले;
गोठ्याच्या खांबांना वाळवी लागली होती त्यांच्या.

नट काढला. त्यावर वायसर नाही.
कॅनमध्ये नाही.
फडक्यात नाही.
मग खाली वाकून, मान वाकडी करून पाहिलं तर
चेंबरलाच चिकटलेलं,
अंगचंच वाटावं असं.
चाकूच्या टोकानं हळूच उचकटलं.
तांबं कुठलं, काळी टिकली.
एका बाजूनं खोल चेपलेलं.
ती बाजू माझ्या पायाची.

नवं लालसर, गुळगुळीत.
नट आधी नुसत्या बोटांनी फिरवला, मग पान्यानं.
एका जागी हाताखाली काहीतरी
जरासं बसतं,
पाटावर पाहुणा बसावा तसं.
तिथून पुढं अर्धा घास,
आणि पाना काढून घ्यायचा.
मी काढून घेतला.
तरी हात आणखी एक झटका मागत राहिला,
संध्याकाळपर्यंत.

जुनं खिशात राहिलं.
सोमवारी फाट्यावर चहाचे पैसे देताना
चिल्लरीत गेलं,
टपरीवाल्यानं त्याच्या भोकातून माझ्याकडं पाहिलं:
"साहेब, हे आपल्या इकडं चालत नाही."

अंगणात डाग आहे अजून.
बोट लावून पाहतो रोज. जुनाच.

रात्री मिस्त्रींचा फोन.
"जुनं फेकू नोको. तांब्याचं हाय ना?
लालबुंद तापव अन् पाण्यात टाक,
नरम होते पुन्हा."
आणि मग, जरा थांबून,
"पट्टी उद्या काढतेत."

सांडशीत धरून गॅसवर धरलं.
आधी काळं, मग निळं-जांभळं,
मग आतून कुणी दिवा लावल्यासारखं.
टाकलं. छन्न.

"पाणी प्यायचा गिलास होता तो,"
कुंदा म्हणाली.