बाकी एक

सावद्याच्या वजनकाट्यावर, रात्री दोनला
पावती फाटली : तीस हजार एकतीस.
बाहेर केळीचा ट्रक, इंजिन चालूच.

कार्बन उलटा करून भागत बसलो.
दोनने, बाकी एक.
तीनने, एक. पाचने, सातने, एक.
अकरा, तेरा, तरी तोच एक
फणीतून निखळल्यासारखा हातात.

"काय करू राह्यले वारके भाऊ, दिल्ली लांब हाये!"

सतरापासून बाक्या वेड्यावाकड्या,
शून्य मात्र नाही. त्रेपन्नही हरले.
म्हटलं, अविभाज्यच हा,
कुणाच्या वाट्याला जायचा नाही.

मग एकोणसाठ.
पाचशे नऊ वेळा, अगदी सरळ.
जरा वाईटच वाटलं.

शिक्का मारला. ट्रक उतरला,
लाल आकडे पळत शून्यावर आले.

खिडकीत ड्रायव्हरने ठेवलेलं
एक केळ.
कच्चं.